गितारोन कोण शिकवणार?

मारियाची म्हणजे मेक्सिकोचं ताफ्याने वाजवायचं लोकसंगीत. त्याचा ताफा १२ जणांचा धरला, तर त्यात साधारण ७ व्हायोलिन, २ ट्रम्पेट, १ गिटार, १ विवेला (गिटारच्या जातीचं छोटं वाद्य) आणि १ गितारोन (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) असतो. व्हायोलिनवाल्यांपैकी दोघं आले नाहीत तरी कार्यक्रम निभावून नेता येतो. गितारोनवाला आला नाही तर सुपारी परत करायची वेळ येते, कारण मारियाचीत ढोल नसतो, डबलबेस नसतो, समोर हात हलवणारा कंडक्टरही नसतो. सगळ्या गाण्याचा पाया त्या एका माणसाच्या उजव्या हातात असतो. मारियाची पुढच्या पिढीला कोणी शिकवायची, घराने की शाळेने, हा वाद मेक्सिकोत आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन वस्त्यांत वर्षानुवर्षं चालू आहे. त्यात ह्या एका माणसाबद्दल फार कमी बोललं जातं.

युनेस्कोने २०११ साली मारियाचीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ही कला कानाने शिकली जाते, बापाकडून मुलाकडे जाते आणि सण, धार्मिक विधी, सार्वजनिक समारंभ यांत वाजवता वाजवता पक्की होते, असं त्या नोंदीतच म्हटलंय. म्हणजे जपायचं काय हे लिहून ठेवलेलं आहे. पण वारसा जपायचा म्हटलं की पैसा जातो महोत्सवाला, व्यासपीठाला, पोशाखांना आणि शाळेतल्या वर्गांना. एखादा म्हातारा वादक नातवाला आठवड्यातून तीनदा समोर बसवून गितारोन शिकवतो, त्या घरापर्यंत त्यातलं क्वचितच काही पोचतं. माझं म्हणणं सरळ आहे. मारियाचीसाठी जो काही सार्वजनिक पैसा निघतो, त्यातला पहिला वाटा ह्या घरच्या शिकवणीला मिळाला पाहिजे, आणि तोही सत्कार किंवा मानधन म्हणून नव्हे, कामाचा पगार म्हणून. शाळा हव्यातच. पण त्यांच्याकडून जे होणार नाही ते करणाऱ्यांना आपण वाऱ्यावर सोडलंय.

हे का, ते कळायला गितारोन जवळून बघावा लागतो.

गितारोन म्हणजे मोठी गिटार नव्हे. त्याची पाठ फुगीर असते, पोट खोल असतं, आणि तो पट्ट्याने गळ्यात अडकवून उभ्याने वाजवायचा असतो. पाठ बहुधा मेक्सिकन सीडरची आणि वरची फळी ताकोते नावाच्या अतिशय हलक्या लाकडाची. त्या हलकेपणामुळेच एवढं मोठं वाद्य तासन्तास पेलवतं आणि माइकशिवाय अंगणभर ऐकू जातं. तारा ६: तीन जाड, धातूने गुंडाळलेल्या, तीन नायलॉनच्या. स्वर, पाश्चात्त्य दो-रे-मीच्या नावांनी, खालून वर ला-रे-सोल-दो-मी-ला. यातली मेख शेवटच्या 'ला'मध्ये आहे. गिटारच्या सवयीने तो सगळ्यात उंच असेल असं वाटतं, पण तो एक सप्तक खाली लावलेला असतो, शेजारच्या 'मी' आणि 'दो'पेक्षाही खाली. गिटार येणारा मुलगा 'मला येतंच की' म्हणत गितारोन उचलतो आणि पहिल्याच दिवशी इथे अडखळतो.

ही उलटी रचना एका कामासाठी केलेली आहे. गितारोनवर एक तार छेडत नाहीत. अंगठ्याने एक आणि बोटाने दुसरी अशा दोन तारा एकदम ओढायच्या, आणि दोन्हींवर तोच स्वर, फक्त एक सप्तक अंतराने. 'ला' हवा तर सहावी (सगळ्यात खालची) आणि पहिली (तो शेवटचा 'ला'), दोन्ही मोकळ्या. 'सोल' हवा तर चौथी मोकळी आणि दुसरी तीन अर्धस्वर वर दाबलेली. 'दो' हवा तर तिसरी मोकळी आणि सहावी तीन अर्धस्वर वर. 'रे' हवा तर पाचवी मोकळी आणि तिसरी दोन अर्धस्वर वर. म्हणजे जवळजवळ प्रत्येक स्वराला तारांची जोडी बदलते, आणि उजव्या हाताला दर वेळी नव्या अंतरावर झेप घ्यावी लागते. त्यात दांडीवर पडदे नाहीत. डाव्या हाताची दोन बोटं दोन वेगळ्या जाडीच्या तारांवर, डोळ्यांनी न बघता, नेमक्या जागी पडायला हवीत. एक बोट केसभर सरकलं तर दोन 'सोल' एकमेकांशी भांडायला लागतात, आणि वरून ७ व्हायोलिनवाले आपला सूर कुठे ठेवायचा म्हणून चाचपडतात.

नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे तारा वर उचलून सोडणं. मग त्या दांडीवर आपटतात आणि स्वराऐवजी 'टक' ऐकू येतो. ओढ आडवी हवी, तळव्याच्या दिशेने, आणि सोडताना दोन्ही तारा एकाच क्षणी सुटायला हव्यात. अंगठा जरा आधी सुटला की एका स्वराचे दोन ठोके होतात. पहिले काही आठवडे बोटांना फोड येतात. मूल फोड चुकवायला नखाने ओढायला लागतं, आणि ती सवय नंतर सुटता सुटत नाही. हे लिहून सांगता येतं, पण सुधारता येतं ते फक्त मुलाच्या उजव्या बाजूला बसलेल्या माणसाला, त्याचं मनगट धरून. ३० मुलांच्या वर्गात शिक्षक एका मनगटाजवळ किती वेळ बसणार?

विवेलाची गोष्ट वेगळी, पण अडचण तीच. पाच तारा, ला-रे-सोल-सी-मी, नावं गिटारच्या वरच्या पाच तारांचीच. मात्र पहिले तीन स्वर गिटारपेक्षा एक सप्तक वर असल्यामुळे सगळ्यात उंच तार मधली होते. हात खाली आणा की वर न्या, स्वरांचा घोस तसाच घट्ट, तसाच चमकदार वाजतो. वादकाचं सगळं कसब उजव्या हाताच्या चलनात असतं. त्या चलनाला मारियाचीवाले मानिको म्हणतात. गाण्याच्या प्रत्येक प्रकाराला मानिको वेगळा: बोलेरोला वेगळा, वाल्सच्या म्हणजे तीन मात्रांच्या अंगाने जाणाऱ्या रांचेराला वेगळा, पोल्काला वेगळा. वाल्सच्या रांचेराला गितारोन पहिल्या मात्रेवर आणि विवेला दुसऱ्या-तिसऱ्यावर, एवढं सोपं. ते मूल आठवड्यात उचलतं. हालिस्को प्रांताचा सोन, म्हणजे तिथला जुना लोकगीताचा प्रकार, आला की खरी परीक्षा सुरू होते.

सोनची गंमत अशी की सहा मात्रा दोन प्रकारे मोजता येतात. पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर जोर दिला तर तीन-तीनचे दोन गट होतात. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्यावर दिला तर दोन-दोनचे तीन. चाल एक मोजणी धरते, साथ दुसरी धरते, आणि ओळीमागून ओळ हे अदलाबदल होत राहतं. त्यावर कडी म्हणजे अनेक सोनांमध्ये गितारोन पहिली मात्रा मोकळी सोडतो आणि तिसऱ्या-पाचव्यावर येतो. कागदावर हे सगळं बिनचूक लिहिता येतं. शाळेत ते तसंच शिकवलं जातं: पाय पहिल्या मात्रेवर आपटायचा, मग दोन मोजून स्वर टाकायचा. असं शिकलेला मुलगा मोजत राहतो, आणि मोजणारा नेहमी किंचित उशिरा येतो. घरी शिकलेल्या मुलाला विचारलं तर त्याला मात्रांचे आकडे सांगताही येणार नाहीत. व्हायोलिनच्या गजाने कुठे वळण घेतलं की आपला स्वर पडतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं, कारण बोलता येण्याआधीपासून ते त्याच्या कानावर पडलेलं असतं.

'सोन दे ला नेग्रा' मेक्सिकोत दुसऱ्या राष्ट्रगीतासारखा वाजतो. त्याच्या सुरुवातीला स्वर संथ येतात आणि हळूहळू वेग घेत धावू लागतात. हा वेग किती आवर्तनांत किती वाढवायचा हे कुठल्याही स्वरलिपीत नेमकं सांगता येत नाही. शाळेच्या ताफ्यात शिक्षक समोर उभा राहून हाताने ते चढवतो. कामावरच्या ताफ्यात समोर कोणीच नसतं. गज कसे चाललेत ते बघून, शेजाऱ्याचा श्वास ऐकून १२ जण एकत्र धावायला लागतात. शिक्षकाने हात खाली घेतल्यावर किती शाळकरी ताफे ही सुरुवात न कोसळता पार करतील? माझ्या मते वर्षअखेरीच्या परीक्षेचा हाच एक प्रश्न पुरेसा आहे.

घरची शिकवणी प्रत्यक्षात कशी चालते, ते फारसं कोणी मांडून सांगत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातात गितारोन देत नाहीत. त्याच्या पोटाभोवती हातच पोचत नाही. आधी विवेला. पहिले काही महिने डावा हात जवळजवळ बेकार: दोन-तीन स्वरसंगती, आणि उजव्या हाताने एकच मानिको, मोठ्यांच्या वाजवण्यात मिसळून. चुकलं तर थांबवत नाहीत, आवाज दबून जातो. मग रांचेरा, मग बोलेरो, शेवटी सोन. आठ-नऊ वर्षांच्या सुमारास व्हायोलिनची दुसरी ओळ, तीही चालीच्या खालचा तिसरा स्वर शोधत, ऐकून. गितारोन हाताची लांबी आली की. मधल्या काळात मूल शब्द पाठ करतं, कारण साथ करणाऱ्याला गाणं तोंडपाठ लागतं. कडवं कुठे संपतं ते शब्दांवरून कळतं, मोजून नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते कामावर जातं. मोठ्यांच्या मागे उभं राहून, सुरुवातीला नुसतं धरून, मग येतील तेवढीच गाणी वाजवत.

नाती कानो यांचं उदाहरण या वादात दोन्ही बाजूंचे लोक देतात, आणि दोन्ही बाजू ते अर्धवट सांगतात. हालिस्कोमधल्या आउइस्कुल्को या खेड्यात १९३३ साली जन्म, घर मजुरी करून वाजवणाऱ्यांचं. आजोबा स्वतःच्या स्वतः गितारोन शिकलेले, वडील अनेक तंतुवाद्यं वाजवणारे. सहाव्या वर्षी वडिलांनी विवेला शिकवायला घेतली. दोन वर्षांनी मुलाला ग्वादालाहाराच्या संगीतशाळेत व्हायोलिनसाठी घातलं. पुढे याच माणसाने लॉस एंजेलिसमध्ये लोस काम्पेरोस हा ताफा उभा केला आणि मारियाचीला मैफलीच्या मंचावर नेलं. घरानेच सगळं केलं म्हणणाऱ्यांनी ग्वादालाहाराची ती शाळा विसरू नये. आणि शाळेचं श्रेय सांगणाऱ्यांनी क्रम बघावा: आधी घर, आधी विवेला, आधी कान. स्वरलिपी त्यावर आली.

वार्गास घराण्याचा इतिहासही असाच सरळ रेषेत जात नाही. गास्पार वार्गास यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस हालिस्कोतल्या तेकालित्लान गावात छोटा ताफा सुरू केला: व्हायोलिन, हार्प, गितार्रा दे गोल्पे (गिटारच्या जातीचं साथीचं वाद्य). ट्रम्पेट तेव्हा नव्हताच. १९०८ साली मेक्सिको सिटीत ध्वनिमुद्रित झालेल्या कोकुला गावच्या चौघांच्या ताफ्यातही ट्रम्पेट नाही. मुलगा सिल्वेस्त्रे १९३० च्या दशकात प्रमुख झाला, ताफा राजधानीत आला, आणि १९४४ साली त्यात रुबेन फुएन्तेस दाखल झाले. ते शास्त्रीय व्हायोलिन शिकलेले होते आणि मारियाची त्यांनी आधी वाजवलेली नव्हती. त्यांनी आणि सिल्वेस्त्रेंनी सोनांच्या रचना बसवल्या आणि कागदावर आणल्या. आज जगभरचे ताफे बहुतांशी त्याच वाजवतात. म्हणजे मारियाचीतलं सगळ्यात प्रसिद्ध घराणं मोठं झालं ते बाहेरच्या, कागद वाचणाऱ्या माणसाला आत घेतल्याने. हे मी नाकारत नाही, उलट मला ते फार मोलाचं वाटतं. फुएन्तेस यांचा कागद यशस्वी झाला कारण तो वाचणाऱ्यांना सोन आधीच येत होता. त्या कागदावर मानिको नीट लिहिलेला नसला तरी चालत होतं. विवेलावाला तो घरूनच घेऊन आलेला असे. आज तोच कागद ज्यांनी सोन कधी घरात ऐकला नाही अशा मुलांच्या हातात आहे, आणि त्यात जे लिहिलेलं नव्हतं ते त्यांना कोण देणार?

शाळांनी काय कमावलं तेही सांगायलाच हवं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात १९६१ साली विद्यार्थ्यांचा मारियाची ताफा सुरू झाला. पुढे टेक्सासमध्ये सान अंतोनियोच्या सार्वजनिक शाळांत बेल ऑर्तीस यांनी तो अभ्यासक्रमात आणला, २००२ पासून लास वेगासच्या शाळांतही वर्ग आहेत. मेक्सिको सिटीत गारिबाल्दी चौकालगत मारियाचीची सरकारी शाळा २०१२ साली उघडली. या वर्गांनी व्हायोलिनचा गज सरळ केला, सूर स्वच्छ केला. ट्रम्पेटवाल्यांना तर शाळेचा फायदा थेट होतो. सी-बेमोल (इंग्रजीत बी-फ्लॅट) ट्रम्पेट हाती असताना ताफा 'ला' पट्टीत गेला, तर ट्रम्पेटवाल्याला पाच तीव्र स्वरांच्या पट्टीत वाजवावं लागतं, आणि ते जमायला रोजचा शिस्तीचा रियाझच लागतो. शिवाय शाळेने मुलींना आत घेतलं. युनेस्कोच्या नोंदीतले ते शब्द, बापाकडून मुलाकडे, नुसते बोलण्याच्या ओघात आलेले नाहीत. पिढ्यानपिढ्या मुलगी गायची, फार तर विवेला धरायची, पण ताफ्याबरोबर रात्री बाहेर जायचा हक्क भावाचा. मेक्सिको सिटीत १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून बायकांचे ताफे निघाले, १९९४ साली लॉस एंजेलिसमध्ये मारियाची रेइना उभा राहिला. तो उभा करणारे होसे एर्नांदेस स्वतः पाचव्या पिढीचे मारियाची वादक. घराला वाटलं तर घर बदलतं, हे त्यातून दिसतं. पण वाटावं म्हणून थोडी अटही घालावी लागते. त्याकडे पुढे येतो.

घरच्या शिकवणीचे दोष इतकेच नाहीत. बाप चांगला वादक असला म्हणून चांगला शिक्षक असतोच असं नाही. त्याचा गज वाकडा असेल तर तीन पिढ्या वाकड्या गजाने वाजवतात. त्याला तीनच पट्ट्या येत असतील तर मुलालाही तीनच. काही जुने वादक आपल्या खास चाली शेजारच्या ताफ्याला कळू नयेत म्हणून बाहेरच्या मुलाला शिकवत नाहीत, आणि स्वतःचं मूल इंजिनिअर झालं की त्या चाली त्यांच्याबरोबर जातात. हे दोष खरे आहेत आणि ते दूर करता येण्यासारखे आहेत. घर तुटण्याचं मूळ कारण वेगळं आहे, आणि ते पैशाचं आहे.

मारियाचीवाला दोन प्रकारे कमावतो. एक म्हणजे प्लान्ता: हॉटेलात ठरलेले दिवस, ठरलेला पगार. दुसरा आल तालोन, म्हणजे पायी फिरून, टेबलाटेबलाशी उभं राहून, गाण्यागणिक पैसे. प्लान्ता थोड्यांना मिळते. आल तालोनवाल्याची बिदागी ताफ्यात वाटली जाते. त्यात ट्रम्पेट शिकत असलेलं १० वर्षांचं पोर नेलं तर त्याचा वाटा कोणाच्या खिशातून जाणार? शिवाय काम रात्रीचं, दारूच्या गुत्त्यांतलं, उद्या शाळा. आजच्या आईबापांनी मुलाला तिथे न्यायला नकार दिला तर ते योग्यच आहे. पण मुलाची खरी शाळा तिथेच भरत होती. ती बंद झाली, आणि तिच्या जागी दुसरी उघडली नाही.

कारण कामावर जे शिकायला मिळतं ते फर्माईश. गिऱ्हाईक गाण्याचं नाव सांगतं, कधी तेही सांगत नाही, नुसती पहिली ओळ गुणगुणतं. कोणाला स्वतःलाच गायचं असतं, आणि ते कुठल्या पट्टीत गाणार हे तोंड उघडेपर्यंत कळत नाही. विवेलावाला दोन शब्द ऐकून पट्टी पकडतो आणि तारा झणकारतो. गितारोनवाला त्याच्या डाव्या हाताकडे बघून पाया लावतो. हे चार-पाच सेकंदांत व्हावं लागतं. चांगल्या कामकरी ताफ्याला शेकडो गाणी अशी तोंडपाठ असतात. शाळेचा ताफा वर्षभरात स्पर्धेसाठी मोजकी गाणी घासून लखलखीत करतो, प्रत्येक एका ठरलेल्या पट्टीत. ती ऐकून डोळ्यांत पाणी येतं, खरंच येतं. पण त्याच मुलांना तेच गाणं दीड स्वर खाली घ्या म्हटलं की सगळे शिक्षकाकडे बघतात.

आणखी एक नुकसान होतंय ज्याचा बाजाराशी संबंधच नाही. पश्चिम मेक्सिकोतल्या जुन्या, बिनट्रम्पेटच्या मारियाचीकडे मिनुएते नावाच्या रचना आहेत. युरोपातल्या मिन्युएटवरून नाव आलं, पण काम वेगळं: संताच्या मूर्तीपुढे, रात्रभराच्या जागरणात, लहान मूल गेलं तर त्याच्या उशाशी वाजवायच्या. त्यांना शब्द नसतात. हॉटेलात कोणी त्यांची फर्माईश करत नाही, शाळेच्या स्पर्धेत त्यांना जागा नाही, लग्नात त्या वाजवत नाहीत. त्या फक्त घरातून घरात जातात, आणि ज्या वर्षी एखाद्या गावातला शेवटचा व्हायोलिनवाला जातो त्या वर्षी त्या गावच्या मिनुएते संपतात. ग्वादालाहारात २००२ पासून पारंपरिक मारियाचीचं संमेलन भरतं, तिथे अशा ताफ्यांना मान मिळतो. वर्षातले काही दिवस मान मिळणं चांगलंच, पण मिनुएते शिकायला काही दिवस पुरत नाहीत.

मग पैसा द्यायचा तो कसा? प्रयोग नवा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत लोककलेतल्या गुरू-शिष्याच्या जोडीला सार्वजनिक निधीतून पैसे देण्याची पद्धत आहे. ती बहुतेक ठिकाणी छोटी, थोड्या महिन्यांची असते. मारियाचीच्या साथीच्या वाद्यांसाठी तीन वर्षं लागतील असं माझं मत आहे: पहिलं मानिको आणि शब्दांचं, दुसरं सोनचं, तिसरं पट्ट्या बदलण्याचं आणि गितारोनचं. एका वादकाकडे दोन मुलं, त्यातलं एक घरचं चालेल, दुसरं घराबाहेरचंच हवं, आणि दोघांत एक मुलगी असलीच पाहिजे. ही अट घातली की चाली लपवणं आणि मुलींना वगळणं, दोन्ही आपोआप सुटायला लागतात. आठवड्याला दीड-दीड तासाच्या दोन बैठका आणि महिन्याला दोन खरी कामं, दिवसाची: बाप्तिस्मा, चर्चमधली प्रार्थना, म्हाताऱ्यांचे वाढदिवस. त्या कामात मुलाचा वाटा योजनेने भरायचा, म्हणजे ताफ्यातल्या कोणाच्या पोटावर पाय येत नाही. वादकाला पगार महिन्याला, तासावर मोजून. मोठ्या समारंभात शाल-श्रीफळासारखा एकरकमी नको.

वाद्यांचा खर्च वेगळा धरावा लागेल. १० वर्षांच्या मुलाच्या अंगाला बसेल असा लहान गितारोन दुकानात सहज मिळत नाही. मिचोआकानमधलं पाराचो हे गावच्या गाव तंतुवाद्यं बनवतं. तिथल्या कारागिरांना शाळा आणि योजना मिळून एकत्र मागणी दिली तर त्यांनाही काम मिळेल. जाड तारांचा खर्चही दरवर्षीचा धरायचा. जुनी तार सूर धरत नाही, आणि बेसूर तारेवर शिकलेला कान नंतर दुरुस्त करणं कठीण जातं. बिनपडद्याच्या वाद्यावर तर फारच.

शाळांनी ह्या वादकांना आठवड्यातून एक दिवस वर्गात बोलवावं, पण पाहुणे म्हणून नव्हे. विवेला आणि गितारोनची मुलं त्या दिवशी त्यांच्या ताब्यात द्यावीत, वेगळ्या खोलीत, कागदाशिवाय. आणि वर्षअखेरीच्या परीक्षेत निम्मे गुण फर्माइशीला ठेवावेत. समोर गावातले पाच जण बसवायचे, संगीत न शिकलेले. प्रत्येकाने एक गाणं मागायचं, त्यातल्या एकाने स्वतः गायचं, ज्या पट्टीत गळा लागेल त्या पट्टीत. एक सोन मागितलाच पाहिजे, शिक्षक खोलीबाहेर. गाणं येत नसेल तर मुलांनी 'येत नाही, पण गुणगुणा' म्हणायचं आणि मागून साथ धरायची. त्याला सगळ्यात जास्त गुण, कारण कामावर हेच रोज करावं लागतं.

मिनुएतेंसाठी मात्र तीन वर्षं वाट बघायला वेळ नाही. ज्या गावांत एक-दोनच जाणकार उरलेत तिथे लगेच ध्वनि-चित्रमुद्रण करावं, आणि ते करताना दोन कॅमेरे लावावेत. आजवरच्या बहुतेक चित्रफितींत म्हाताऱ्याचा चेहरा दिसतो, टोपी दिसते, मागची भिंत दिसते. शिकायला बसलेल्या मुलाला हवा असतो उजवा हात, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत, पूर्ण तुकडाभर, मध्ये कुठेही न कापता. एकदा नेहमीच्या लयीत आणि एकदा अर्ध्या लयीत. आणि शेजारी गितारोनवाला बसलेला असेल तर दुसरा कॅमेरा त्याच्या अंगठ्यावर.